घरांतील यंत्रांचें टपाल



घरांतील दिवे, पंखे, पाण्याचे पंप आणि दारावरच्या घंटा हीं उपकरणें एकमेकांना निरोप कशीं पाठवूं लागलीं, त्याचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. हा विषय माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराचा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु ह्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर एक मास्तर उभा आहे, म्हणून मला धीर आला.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत व्हाइटवॉटर ह्या गांवीं शिक्षक तयार करणारी एक शाळा होती. तेथें वॉरन जॉन्सन नांवाचे अध्यापक होते. थंडीच्या दिवसांत प्रत्येक वर्गाची ऊब पाहण्यासाठीं शाळेचा शिपाई वर्गावर्गांतून फिरे, आणि मग खालीं जाऊन भट्टीच्या झडपा कमीजास्त करी. शिकविण्याचा ओघ असा मध्येंच तुटला म्हणजे काय होतें, हें ज्यानें वर्ग घेतला आहे त्याला सांगावयास नको. जॉन्सन ह्यांनीं खोलींतील उष्णतेची वर्दी विजेच्या तारेनें भट्टीपाशीं पोहोंचविणारें उपकरण केलें आणि १८८३ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. दोन वर्षांनीं त्यांनीं कंपनी काढली, ती आज जॉन्सन कंट्रोल्स ह्या नांवानें चालते. खोलीनें आपली स्थिति सांगावी आणि दूर बसलेल्या कोणीं तरी ती ऐकून योग्य तें करावें, एवढेंच त्यांत होतें. आजच्या घरांतहि मूळ गोष्ट एवढीच आहे.

एक खोली आणि एक शिपाई असला म्हणजे एक तार पुरते. पण सांगणारे पन्नास आणि ऐकणारे पन्नास झाले, तर कोणाची तार कोणापर्यंत न्यावयाची? प्रत्येकाची प्रत्येकापर्यंत नेली तर अडीच हजार तारा होतील आणि घरांत माणसांना राहावयास जागा उरणार नाहीं. पुढच्या सव्वाशें वर्षांचा इतिहास म्हणजे ह्या एका अडचणीचा इतिहास होय.

घरापुरतें पहिलें मोठें उत्तर १९७५ सालीं स्कॉटलंडमधून आलें. ग्लेनरॉथिस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीचा तो दहावा प्रयोग, म्हणून त्याचें नांव एक्स-टेन. भिंतींत विजेच्या तारा आहेतच, तेव्हां निरोपहि त्यांतूनच न्यावेत, अशी ही कल्पना. घरासाठीं सोळा अक्षरें, प्रत्येक अक्षराखालीं सोळा आंकडे, म्हणजे २५६ पत्ते झाले. युक्ति स्वस्त होती आणि अनेक वर्षें चालली. पण तींत आज्ञा सुटे, पोंच मात्र येत नसे. दिवा लागला कीं नाहीं हें पाहावयास मालकालाच उठावें लागे. आणि एकाच वीजवाहिनीवरील शेजाऱ्यानें तेंच अक्षर निवडलें असल्यास त्याच्या कळीनें आपल्या दिवाणखान्यांतील दिवा लागे. शेजारधर्म चांगला, पण इतका नको.

दुसरें उत्तर घरांत नव्हे, तर न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत निघालें, आणि त्याच्याशीं एका मुंबईकराचें नांव जोडलेलें आहे. मुंबईंत जन्मलेले विवेक रणदिवे ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली. त्या काळीं दलालाच्या मेजावर एक पडदा एका बातमीदाराचा, दुसरा दुसऱ्याचा, असे अनेक पडदे मांडलेले असत. रणदिवे ह्यांच्या मंडळींनीं बातमीवर पत्ता घालण्याचें सोडून दिलें आणि विषय घातला. ज्याला ज्या विषयाची गोडी असेल त्यानें त्या विषयाचें वर्गणीदार व्हावें. बातमी देणाऱ्याला वर्गणीदार किती आणि कोण हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. ह्या रचनेला त्यांनीं इन्फर्मेशन बस असें नांव दिलें, आणि तिचें तत्त्व त्या कंपनींतील विद्वानांनीं १९९३ सालीं एका निबंधांत मांडलें.

आपणांस हें समजावयास दूर जावयास नको. मी ह्या क्षणीं बोलत आहें, पण ऐकतें कोण हें मला ठाऊक नाहीं. ज्यांनीं हें केंद्र लावलें आहे ते ऐकत आहेत. एखाद्यानें मध्येंच बंद केलें तरी माझ्या बोलण्यांत खंड पडत नाहीं, आणि नवा कोणी आला तरी मला आवाज चढवावा लागत नाहीं. हें बोलणें ज्या मासिकांत छापून येईल, त्याच्या वर्गणीदारांचीहि गोष्ट तीच. बोलणारा आणि ऐकणारा ह्यांची गांठ सोडविली कीं पन्नासाला पन्नासांनीं गुणण्याची आपत्ति टळते.

आतां मुख्य कथेकडे येऊं. ती अमेरिकेंतील एका तेलवाहिनीवर घडली. तेलवाहिनी म्हणजे शेंकडों मैल गेलेला लोखंडी नळ. वाटेंत ठिकठिकाणीं पंप, झडपा आणि दाब मोजणारीं यंत्रें. हीं ठाणीं बहुधा ओसाड मुलखांत असतात. त्यांचे निरोप उपग्रहामार्फत आणावे लागत, आणि उपग्रहाची वाट अरुंद, शिवाय तिचें भाडें भारी. जुन्या पद्धतींत मुख्य कचेरींतील संगणक पाळीपाळीनें प्रत्येक ठाण्याला विचारी, दाब किती? ठाणें सांगे, मघां होता तितकाच. मग पुढचें ठाणें, आणि पुन्हां तेंच उत्तर. पस्तीस वर्षें रोज हजेरी घेतलेला मनुष्य म्हणून सांगतों, साठ मुलांचीं नांवें वाचण्यांत जो वेळ जातो तो खरोखर गैरहजर असलेल्या तिघांना शोधण्यांत जातो. तेलवाहिनीवर तर ही हजेरी रात्रंदिवस चाले, आणि प्रत्येक 'हजर' शब्दाचे पैसे पडत.

फिलिप्स ह्या तेलकंपनीचें हें काम १९९९ सालीं दोघांच्या हातीं आलें. अर्लेन नायपर हे आर्कम कंपनींतील, दुरून मोजमाप घेण्याच्या कामांत मुरलेले. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क हे आयबीएम कंपनीच्या इंग्लंडमधील हर्स्ली येथील प्रयोगशाळेंतले. त्यांनीं हजेरी बंद केली. ज्याच्याकडे नवें कांहीं घडेल त्यानें आपण होऊन सांगावें, बाकीच्यांनीं गप्प बसावें. आणखी एक गोष्ट त्यांनीं केली. तेलाच्या दाबाचा आंकडा केवळ झडपा फिरविणाऱ्यालाच नव्हे, तर हिशेबनिसाला आणि व्यापाऱ्यालाहि हवा असतो. म्हणून ठाण्यानें कोणा एकाशीं थेट बोलूं नये, मध्यें एका मध्यस्थाला बसवून त्याच्यापाशीं निरोप टाकावा, आणि ज्याला हवा त्यानें त्याच्याकडून घ्यावा. ह्या मध्यस्थाला ते लोक ब्रोकर म्हणतात. हा जो बोलण्याचा संकेत त्यांनीं ठरविला, तोच एमक्यूटीटी. ह्यांतील एमक्यू हीं अक्षरें आयबीएमच्या एका जुन्या मालाच्या नांवांतून आलीं आहेत. क्यू म्हणजे रांग समजून मध्यस्थापाशीं निरोपांची रांग लागते असें पुष्कळ जण मानतात, तें खरें नव्हे.

ह्या संकेताची काटकसर पाहण्यासारखी आहे. कोणत्याहि निरोपावर जो शिरोलेख अवश्य असतो तो अवघ्या दोन बाइटांचा असूं शकतो. बाइट म्हणजे साधारण एका रोमन अक्षराएवढी जागा. 'मी जिवंत आहें' एवढेंच कळवावयाचें असेल तर सगळा निरोपच दोन बाइटांत संपतो. संगणकावर एखादें पान मागवितांना नुसत्या मायन्यांतच ह्याच्या शेंकडोंपट अक्षरें खर्च होतात. गरिबाच्या घरीं वाढलेल्या मुलाला जशी दमडीची किंमत कळते, तशी ह्या संकेताला बाइटाची कळते, कारण त्याचें बालपण उपग्रहाच्या भाड्यांत गेलें.

आतां हाच संकेत घरांत आणून पाहूं. समजा, आपल्या इमारतीच्या गच्चीवरील टाकींत पाण्याची पातळी मोजणारें उपकरण बसविलें. तें मध्यस्थाला कळवितें, विषय 'घर/गच्ची/टाकी', मजकूर 'शंभर'. त्याचें काम संपलें. खालीं पंपाची कळ ह्या विषयाची वर्गणीदार आहे, ती शंभर ऐकून पंप बंद करते. स्वयंपाकघरांतील पाटीहि वर्गणीदार आहे, ती आंकडा दाखविते. उद्यां पंप बदलला, दुसऱ्या कारखान्याचा आणला, तरी टाकीवरच्या उपकरणाला त्याची वार्ताहि लागत नाहीं. विषयांच्या नांवांतील तिरप्या रेघा म्हणजे पत्त्यांतील गांव, पेठ, वाडा. एक पायरी मोकळी सोडण्यासाठीं अधिकाची खूण, आणि खालचें सर्व कांहीं हवें असल्यास चार रेघांची जाळीदार खूण. ही दुसरी खूण ध्यानांत ठेवावी, पुढें तिनें घोटाळा केला आहे.

चाणाक्ष श्रोत्यानें येथें शंका काढली असेल. वीज गेली आणि परत आली. पंपाची कळ जागी झाली, पण टाकी तर बदल झाल्यावांचून बोलणार नाहीं. मग कळीला पातळी कशी कळावी? माझें हें भाषण ज्याचें चुकलें त्याचें चुकलें, पण मध्यस्थाचें तसें नाहीं. निरोप धाडणाऱ्यानें तशी खूण केली असेल तर तो प्रत्येक विषयाचा शेवटचा निरोप जपून ठेवतो, आणि नवा वर्गणीदार येतांच पहिल्या प्रथम तो त्याच्या हातीं देतो. फक्त शेवटचा ठेवतो, मागचे टाकून देतो.

दुसरी शंका ह्याहून खोल आहे. गप्प बसणें हाच जेथें नियम, तेथें गप्प बसलेला सुखरूप आहे कीं मेला, हें कसें ओळखावें? ह्यावर योजलेली युक्ति मला ह्या सबंध पद्धतींत सर्वांत आवडते. मध्यस्थाशीं प्रथम ओळख देतांनाच उपकरण एक बंद लखोटा त्याच्या स्वाधीन करूं शकतें. इंग्रजींत त्याला चक्क मृत्युपत्र म्हणतात. उपकरणानें ठराविक मुदतींत निदान एकदां तरी तोंड उघडावयाचें असतें, सांगावयास कांहीं नसेल तर ते दोन बाइट धाडावयाचे. मुदतीच्या दीडपट काळ लोटला आणि आवाज आला नाहीं, कीं मध्यस्थ संबंध तोडतो, लखोटा फोडतो आणि वर्गणीदारांना वाचून दाखवितो, 'टाकीवरचें उपकरण बंद पडलें.' रीतसर निरोप घेऊन जाणाऱ्याचा लखोटा मात्र न फोडतांच टाकून दिला जातो.

पोंचेच्या बाबतींत तीन दर्जे आहेत. पहिला साध्या कार्डाचा, टाकलें आणि विसरलें. दुसरा जुन्या रजिस्टर पत्राचा, पोंच येईपर्यंत पुन्हां धाडावयाचें. ह्यांत पत्र पोहोंचतें खास, पण पोंच वाटेंत हरवली तर तेंच पत्र दोनदां पोहोंचूं शकतें. तिसऱ्या दर्जांत चार निरोपांची देवघेव होऊन पत्र एकदांच पोहोंचल्याची खात्री होते. घरगुती कामाला पहिले दोन पुरतात, मात्र आज्ञा शहाणपणानें लिहावी. 'पंप बंद कर' ही आज्ञा दोनदां ऐकली तरी पंप बंदच राहतो. 'पंप आहे त्याच्या उलट कर' ही आज्ञा दोनदां ऐकली तर टाकी वाहते आणि खालच्या मजल्यावरची मंडळी वर येतात.

तेलाच्या रानांतून हा संकेत घरांत कोणीं आणला? पुष्कळ अंशीं स्वतः स्टॅनफर्ड-क्लार्क ह्यांनींच. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नांवाचें बेट आहे. तेथें सोळाव्या शतकांतील, गवतानें शाकारलेल्या एका जुन्या घरांत ते राहत. त्या घरांत त्यांनीं विजेचें मीटर, दिवे, पाणी, सारें ह्या संकेतानें बोलतें केलें. २००९ च्या सुमारास त्या घराच्या विजेच्या खर्चाच्या वार्ता ट्विटरवर येऊं लागल्या आणि वृत्तपत्रांनीं घराला प्रसिद्धि दिली. त्यांच्या उंदराच्या सापळ्याची कथा तर फारच गाजली. सापळा मिटला कीं मालकाला निरोप जाई. पुष्कळांना ती थट्टा वाटली. मला त्यांत व्यवहार दिसतो. रिकामा सापळा रोज पाहावयाचा कंटाळा आणि भरलेला सापळा पाहावयाचा राहून जाण्याची धास्ती, दोन्ही एका निरोपानें मिटतात. तेलवाहिनीवरहि नेमकी हीच अडचण नव्हती काय?

पुढच्या घटना थोडक्यांत सांगतों. २०१० सालीं आयबीएमनें हा संकेत कोणासहि विनामूल्य वापरावयास खुला केला. २०११ सालीं फेसबुकनें मोबाइलवरील आपल्या मेसेंजरसाठीं तो पत्करला, कारण मोबाइलची बॅटरी आणि रानांतील ठाण्याची बॅटरी ह्यांची कुरकुर एकच. २०१४ सालीं ओॲसिस ह्या संस्थेनें त्याला प्रमाण मानलें, २०१६ सालीं तो आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि २०१९ सालीं त्याची पांचवी आवृत्ति निघाली. रॉजर लाइट ह्यांनीं मध्यस्थाचें काम करणारा एक कार्यक्रम लिहून सर्वांना मोफत दिला. त्याचें नांव मॉस्किटो. आपल्याकडे हें नांव कोणीं सुखानें ठेवलें नसतें, पण डास लहान असतो आणि सर्वत्र पोहोंचतो, एवढें साम्य खरें आहे.

'विनामूल्य' आणि 'मोफत' ह्या दोन शब्दांपाशीं थोडें थांबलें पाहिजे, कारण घराच्या मालकाचा संबंध येथें येतो. निरोप सारे मध्यस्थामार्फत जावयाचे, तर मध्यस्थ बसतो कोठें आणि त्याचा धनी कोण? बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ उपकरणांचा मध्यस्थ परदेशीं, विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो. आपण पलंगावरून दिवा मालविण्याची आज्ञा देतों, ती समुद्रापलीकडे जाते आणि परत येऊन चार हातांवरचा दिवा मालविते. कंपनी चालू आहे तोंवर ह्यांत वावगें दिसत नाहीं. पण अमेरिकेंत रिव्हॉल्व्ह नांवाची एक पेटी होती. तिची किंमत सुमारें ३०० डॉलर होती आणि सेवा आजीवन मिळेल असें सांगितलें होतें. २०१४ सालीं ती कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्टनें विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजीं तिचा सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरची पेटी धडधाकट होती, पण तिच्याशीं बोलणारें कोणी उरलें नाहीं. आजीवन म्हणजे कोणाचें जीवन, हें विकत घेणाऱ्यांनीं विचारलें नव्हतें. २०२२ सालच्या एप्रिलमध्यें इन्स्टिऑन ह्या कंपनीचे सर्व्हर असेच पूर्वसूचनेवांचून थांबले. त्या वेळीं भिंतीवरच्या कळा हातानें चालत राहिल्या, पण दुरून दिलेल्या आज्ञा थांबल्या. तेथें निराळेंच घडलें. कांहीं ग्राहकांनींच एकत्र येऊन जूनमध्यें ती कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर पुन्हां सुरू केले.

सर्वांना कंपन्या विकत घेतां येत नाहींत. पण संकेत खुला असल्यामुळें मध्यस्थ आपल्याच घरांत बसवितां येतो, आणि त्यासाठीं रास्पबेरी पाय नांवाचा तळहाताएवढा, कमी किंमतीचा संगणक पुरतो. २०१४ सालीं शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची वायफायनें बोलणारी एक अति स्वस्त चकती जगभर पसरली. ती घातलेल्या कळा चीनमधील शेन्झेनहून सोनॉफ ह्या नांवानें विकावयास आल्या. त्या कंपनीच्या सर्व्हरशींच बोलत. २०१६ सालीं नेदरलँड्सच्या थिओ आरेंड्स ह्यांनीं त्या कळांसाठीं नवी आज्ञावली लिहिली. ती टास्मोटा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्या नांवांत एमक्यूटीटीचें पहिलें अक्षर दडलेलें आहे. ती आज्ञावली भरली कीं तीच कळ परदेशचा मध्यस्थ सोडून घरच्या मध्यस्थाशीं बोलूं लागते. बाहेरचें इंटरनेट बंद पडलें तरी पंप चालतो. होम असिस्टंटसारखे कार्यक्रम ह्या घरच्या मध्यस्थापाशीं बसून सर्वांचे निरोप वाचतात आणि सूर्यास्त झाला, आतां अंगणांतला दिवा लावा, असें सांगतात.

मात्र घरचा मध्यस्थ म्हटला कीं घरच्या कडीकुलुपाची जबाबदारी आलीच. मूळच्या तेलवाहिनीवर सारें दळणवळण कंपनीच्या खासगी उपग्रहवाटेनें चाले, म्हणून हा संकेत स्वतः निरोप गुप्त लिपींत घालीत नाहीं. तें काम निराळ्या थराकडे सोपवावें लागतें. त्याच्या साध्या दाराचा क्रमांक १८८३ आहे, आणि गुप्त लिपीच्या दाराचा ८८८३. (आमच्या व्हाइटवॉटरच्या मास्तरांचें वर्षहि १८८३. हा निव्वळ योगायोगच म्हणावयाचा.) पुष्कळ हौशी लोकांनीं गांवाबाहेरूनहि घराशीं बोलतां यावें म्हणून साधें दार इंटरनेटवर उघडें टाकलें. अवास्ट ह्या सुरक्षा-कंपनीनें ऑगस्ट २०१८ मध्यें शोध घेतला, तेव्हां एमक्यूटीटीचे ४९,००० हून अधिक मध्यस्थ बाहेरून दिसत होते, आणि त्यांपैकीं ३२,००० हून अधिकांना परवलीचा शब्दच नव्हता. अशा दारांत उभें राहून ती जाळीदार खूण उच्चारली कीं घरांतील सर्व निरोप ऐकूं येतात. दिवाणखान्यांत दिवा कधीं लागला, दार कधीं उघडलें, चार दिवस घरांत कोणी वावरलेंच नाहीं, हें सारें त्यांत आलें. चोराला ह्याहून अधिक काय हवें? त्यानें उलट निरोप धाडून दाराचें कुलूपहि उघडावें, अशी घरेंहि त्यांत असूं शकत होतीं.

डिसेंबर २०२० मध्यें मॉस्किटोची दुसरी मोठी आवृत्ति निघाली. तींत मालकानें स्पष्ट लिहून दिल्यावांचून मध्यस्थ स्वतःच्या संगणकाबाहेरच्या कोणाशींहि बोलत नाहीं, आणि नांव न सांगणाऱ्याला दार उघडीत नाहीं. नवी आवृत्ति भरल्यावर अनेक घरांतील दिवे आणि कळा एकाएकीं मुक्या झाल्या, आणि मालकांनीं तक्रारींचा पाऊस पाडला. बिघाड कांहींच नव्हता. परवलीचा शब्द ठरविण्याचें जें काम आजवर करावयाचें राहिलें होतें, तें त्यांना त्या दिवशीं करावें लागलें.